काढ, पण टाकू नकोस

गेल्या भाऊबीजेला मिरजेत दादाच्या घरी ओवाळणं चाललं होतं. पाटाभोवती रांगोळी, तबकात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, आणि माझी तेरा वर्षांची भाची धाकट्या भावाला ओवाळत होती. निरांजनाचा उजेड खालून तिच्या हनुवटीवर पडला होता. मी सवयीनं फोन वर धरला. तिनं हात थांबवला नाही, मानही वळवली नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "आत्या, काढ, पण टाकू नकोस."

फोटो मी काढला. टाकला नाही. पण ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. संध्याकाळी गच्चीवर दोघीच होतो तेव्हा तिला विचारलं. आधी "काही नाही गं" म्हणून तिनं टाळलं. मग दोरीवरचे कपडे काढता काढता, माझ्याकडे न बघता, सगळं सांगितलं.

२०१५ साली तिचं जावळ काढलं. मामाच्या मांडीवर बसलेली, अर्धं डोकं भादरलेलं, केस ओल्या गालांना चिकटलेले, तोंड वासून रडणारी तीन वर्षांची पोर. तो फोटो मीच काढला आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी कौतुक केलं. २०१८ च्या अखेरीस व्हॉट्सॲपवर स्टिकर आले, तेव्हा आमच्यातल्याच कुणीतरी त्या फोटोतला तेवढा चेहरा कापला, स्टिकर केला आणि खाली लिहिलं, 'उद्या सोमवार'. तो सगळ्यांना आवडला. दर रविवारी रात्री कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तो यायचाच. ती सहावीत असताना फिरत फिरत तो तिच्या वर्गातल्या मुलांपर्यंत पोचला, आणि त्याच शाळेतल्या तिच्या चुलतभावानं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "ही तर आमची ताई!" पुढे वर्षभर वर्गातली काही मुलं तिला 'सोमवार' म्हणत होती.

"मग घरी का नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगू? घरात सगळेच तो पाठवत होते. तूसुद्धा."

फोटोंच्या खासगीपणाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे कुणीतरी परका येतो. अंधाऱ्या खोलीत बसलेला हॅकर, नाही तर फसवणूक करणारी टोळी. हे लोक आहेत, त्यांच्याबद्दलही पुढे लिहिते. पण माझ्या भाचीच्या गोष्टीत त्यांच्यापैकी कुणीच नाही. तिच्यावर जीव टाकणारी माणसं आहेत, आणि त्यांच्या कौतुकातूनच एका मुलीनं एक अख्खं शालेय वर्ष मान खाली घालून काढलं. म्हणून मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकते. कॉपीराइटच्या कायद्यात फोटो काढणाऱ्याची मालकी असेल, तो वाद वेगळा. फोटोतला चेहरा मात्र ज्याचा आहे त्याचाच राहतो, आणि तो चारचौघांत न्यायचा की नाही हे त्यानंच ठरवायचं. मूल लहान आहे, बोलता येत नाही, म्हणून तो हक्क आई-बापाकडे किंवा आत्याकडे येत नाही. बँकेतल्या अज्ञान मुलाच्या खात्यासारखं ते आहे. सही पालकाची चालते, पैसा मुलाचा असतो.

आपण मराठीत फोटो 'काढतो' आणि मग 'टाकतो'. ही दोन क्रियापदं आपण इतकी सहज जोडीनं वापरतो की एकापाठोपाठ दुसरं आपोआप घडायला हवं असंच वाटू लागलं आहे. त्या पोरीनं एका वाक्यात ती वेगळी केली. टाकणं हा शब्दही बघा. टाकलेली वस्तू उचलायला कुणीही मोकळा असतो.

आमच्या लहानपणी रोलमध्ये छत्तीस फोटो असायचे. ते धुऊन आले की अल्बममध्ये लागायचे आणि अल्बम गोदरेजच्या कपाटात, शालूंच्या खाली. पाहुणे आले, चहा झाला, की आई पदराला हात पुसून अल्बम काढायची. बघणारी माणसं आमच्या समोर सतरंजीवर बसलेली असायची. ती काय बघताहेत, कशावर हसताहेत, हे आम्हाला दिसायचं. आणि मला नीट आठवतं, काही ठिकाणी आई दोन पानं एकदम उलटायची. माझा कांजिण्यांतला फोटो, मावशीचा तिच्या मोडलेल्या साखरपुड्यातला फोटो. नवख्या पाहुण्यांसमोर ती पानं कधी उघडली गेली नाहीत, आणि तसं करायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. समोर कोण बसलंय हे बघून तिचा हात आपोआप ठरवायचा.

आज तो हात राहिलेला नाही. मुख्य बदल मला हा वाटतो. आता फोटो जास्त निघतात किंवा जास्त लोक बघतात हे खरं, पण बघणारा आपल्याला दिसत नाही हे त्याहून महत्त्वाचं. स्टेटसला कुणी पाहिलं त्याची यादी येते, पण त्यातल्या कुणी स्क्रीनशॉट घेतला ते येत नाही. ग्रुपवर दीडशे माणसं असतात, त्यातली चाळीस आपल्याला नावानिशी ओळखू येत नाहीत. पाठवलेला फोटो सगळ्यांसाठी डिलीट करायला व्हॉट्सॲप दोन दिवस बारा तास देतं, पण तोवर तो किती फोनांच्या गॅलरीत उतरलेला असतो याला काही हिशेब नाही.

बाळाला तीट लावायची पद्धत आपल्याकडे आहे. सव्वा महिना बाळाला बाहेर काढायचं नाही, झोपलेल्या बाळाकडे टक लावून बघायचं नाही. दृष्ट लागते यावर माझा विश्वास नाही. पण येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची नजर बाळावर पडू देऊ नये, ती कुणाची पडावी हे घरानं ठरवावं, ही समज त्या काळ्या ठिपक्यात होती. आज बाळंतिणीच्या खोलीतून बाळ बाहेर यायच्या आधी त्याचा फोटो दोन-तीनशे जणांनी पाहिलेला असतो, आणि ज्या आजीनं तीट लावली तीच तो पुढे पाठवत असते.

आता त्या परक्यांबद्दल. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचा एक साधा फोटो घ्या. केकवर नाव, वर '१' आकड्याची मेणबत्ती, फोटो टाकल्याची तारीख त्याच दिवसाची, खाली आईनं लिहिलेल्या दोन ओळी आणि आईचं स्वतःचं खातं. म्हणजे मुलाचं नाव, पूर्ण जन्मतारीख, आईचं नाव आणि बहुधा गावही. आधार कार्डाची जी पीडीएफ आपण उतरवून घेतो तिचा पासवर्ड म्हणजे नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. कित्येक बँकांची स्टेटमेंटही जन्मतारखेवरच उघडतात. फोनवर ओळख पटवताना आईचं नाव विचारतात. हे मूल अठरा वर्षांचं होऊन पहिलं खातं उघडेल तेव्हा त्याच्या कुलपाच्या निम्म्या किल्ल्या आपण त्याच्या पहिल्या वाढदिवसालाच वाटून बसलेलो असू.

फोटोच्या चौकटीत आणखी काय काय येतं तेही आपण बघत नाही, कारण आपली नजर मुलाच्या हसण्यावर असते. गणवेशाच्या खिशावर शाळेचा बिल्ला. मागे सोसायटीचं फाटक, त्यावर नाव. 'शाळेचा पहिला दिवस' म्हणून रिक्षाकाकांच्या रिक्षात बसलेली मुलगी आणि रिक्षाचा नंबर. एवढ्यावरून मूल कुठे राहतं, कुठल्या शाळेत जातं आणि कशानं जातं हे कुणालाही कळतं. लोकेशन चालू असेल तर फोनचा कॅमेरा फोटोच्या पोटात जागा आणि वेळ लिहून ठेवतो तो भाग वेगळाच. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती पुसली जाते, पण 'क्वालिटी चांगली येते' म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती जशीच्या तशी समोरच्याकडे जाते. हे माझ्या ओळखीतल्या दहा माणसांना विचारलं, एकालाही ठाऊक नव्हतं.

आणि आता बघणारी केवळ माणसं राहिलेली नाहीत. २०२० च्या जानेवारीत क्लिअरव्ह्यू एआय या अमेरिकी कंपनीचा कारभार उजेडात आला. तिनं फेसबुकसारख्या साइटवरून आणि इतर ठिकाणांहून तीन अब्जांहून अधिक फोटो गोळा केले होते आणि त्यावर चेहरा ओळखणारी यंत्रणा उभी करून ती पोलिसांना विकत होती. ज्यांचे फोटो होते त्यांना कुणी विचारलं नव्हतं. चित्रं बनवणाऱ्या एआयला शिकवण्यासाठी लायन-५बी नावाचा एक प्रचंड संच वापरला गेला. त्यात पाच अब्जांहून जास्त चित्रांचे दुवे आहेत. २०२४ च्या जूनमध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं सांगितलं की संचाचा ०.०००१ टक्क्याहूनही लहान भाग तपासला तर त्यात ब्राझीलमधल्या मुलांचे १७० फोटो सापडले. काहींसोबत मुलांची नावंही होती. त्यातले कित्येक फोटो कुटुंबांनी स्वतःच्या छोट्याशा ब्लॉगवर टाकलेले होते, घरच्यांशिवाय कुणी बघणार नाही अशा समजुतीनं. संच बनवणाऱ्यांनी दुवे काढून टाकायची तयारी दाखवली. पण त्यावर जी यंत्रं आधीच शिकली आहेत, त्यांना ते विसरायला लावणं इतकं सोपं नाही. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. चेहरा कुठून बदलणार?

आपल्याकडेही २०२५ च्या मार्चमध्ये जपानी कार्टूनच्या धर्तीची चित्रं आणि सप्टेंबरमध्ये साडीतली जुन्या सिनेमासारखी छायाचित्रं एआयकडून बनवून घेण्याची लाट आली. माझ्या ऑफिसमधल्या बहुतेकींनी आपले फोटो त्यात घातले, काहींनी मुलांचेही. स्वतःचा फोटो घालायला माझी काहीच हरकत नाही, तो ज्याचा त्याचा निर्णय. पण तीन वर्षांच्या मुलाचा चेहरा घालताना आपण कुणाच्या वतीनं 'मान्य आहे'वर बोट ठेवलं, हे त्या क्षणी एकीलाही सुचलं नाही.

इथे मला थोडं थांबायला हवं, कारण इथवर वाचून काही जण माझ्याशी चुकीच्या कारणासाठी सहमत होतील. "बघा, म्हणूनच आम्ही म्हणतो, मुलींनी फोटो टाकूच नयेत."

हे मला मान्य नाही. २०२१ च्या जुलैमध्ये 'सुल्ली डील्स' आणि २०२२ च्या पहिल्याच दिवशी 'बुल्ली बाई' ही ॲप समोर आली. मुस्लिम बायकांचे फोटो त्यांच्या स्वतःच्या खात्यांवरून उचलून त्यांचा 'लिलाव' मांडला होता. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, सार्वजनिक जीवनात बोलणाऱ्या बायका होत्या. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी आरोपी पकडले, तर ती कॉलेजच्या वयाची मुलं निघाली. त्या बायकांनी फोटो टाकले ही त्यांची चूक होती असं जो म्हणेल, त्याच्या बाजूला मी उभी राहणार नाही. गुन्हा उचलणाऱ्याचा होता.

आपल्या घराघरांत तर वेगळाच प्रकार आहे. लग्न ठरलं की मुलीला डीपी बदलायला सांगतात. कित्येक सुनांच्या डीपीवर गुलाबाचं फूल किंवा गणपती असतो, कारण सासरी स्वतःचा चेहरा ठेवलेला चालत नाही. आणि त्याच घरात त्याच सुनेचा डोहाळजेवणातला फोटो, फुलांच्या दागिन्यांत, अवघडून बसलेला, सासूबाई आणि नणंदा तिला न विचारता सगळीकडे टाकतात. तिला हवा तो फोटो टाकता येत नाही, आणि तिला नको तो टाकला जातो. दोन्ही ठिकाणी निर्णय दुसऱ्याचा. झाकून ठेवणं म्हणजे खासगीपणा नव्हे हे इथे लख्ख दिसतं. माझी भाची उद्या स्वतःचा नाचतानाचा व्हिडिओ टाकेल, तर मी तिला त्यातले धोके सांगेन, खात्याची सेटिंग्ज शेजारी बसून तपासेन, आणि शेवटी निर्णय तिचा असेल. 'काढ, पण टाकू नकोस' म्हणायचा हक्क आणि 'मला टाकायचा आहे' म्हणायचा हक्क एकाच मुलीचे आहेत. एक नाकारला की दुसराही गेला.

कायदा यात कुठे आहे? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. न्या. संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात मुलांचा मुद्दा मुद्दाम घेतला. आजची मुलं अक्षरं गिरवतानाच इंटरनेटवर न पुसले जाणारे ठसे सोडत असतात आणि बालवयातल्या अजाणतेपणाचे परिणाम त्यांना जन्मभर भोगायला लागू नयेत, असा त्याचा आशय. तिथे विचार मुलांनी स्वतः सोडलेल्या ठशांचा होता. आपण त्यांच्या वतीनं, त्यांना अक्षरओळख व्हायच्याही आधी सोडलेल्या ठशांचं काय?

२०२३ मध्ये संसदेनं डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले. या कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येकजण मूल आहे. कंपन्यांना मुलांची माहिती हाताळायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागेल, मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवता येणार नाहीत. चांगलंच आहे. पण एखाद्या व्यक्तीनं घरगुती, वैयक्तिक कारणासाठी माहिती वापरली तर तिला हा कायदा लागू नाही. असायलाही नको, नाही तर अल्बम ठेवणंही गुन्हा होईल. फक्त लक्षात घ्या की कायद्यानं मुलाच्या दाराशी राखणदार म्हणून आई-बापाला बसवलं आहे. आई-बापच दार सताड उघडं ठेवून आत बोलावत असतील, तर त्या मुलासाठी बोलणारं दुसरं कुणी या कायद्यात नाही.

फ्रान्सनं २०२४ च्या फेब्रुवारीत या दिशेनं एक पाऊल टाकलं. तिथल्या कायद्यानं मुलाच्या प्रतिमेच्या हक्काचं रक्षण ही आई आणि वडील दोघांची संयुक्त जबाबदारी ठरवली, आणि मुलाचं वय व समज बघून त्यालाही त्यात सामील करून घ्यायला सांगितलं. मतभेद झाले तर न्यायाधीश एका पालकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय फोटो टाकायला मनाई करू शकतात. आपल्याकडे घरात पोलीस यावेत असं मला वाटत नाही. पण मुलाला विचारणं हा पालकपणाचाच भाग आहे, एवढं कायद्याच्या भाषेत लिहिलेलं असणं मला फार मोलाचं वाटतं. फोटोत फेरफार करून कुणी अश्लील रूप दिलं, तर माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनी तक्रार आल्यावर चोवीस तासांत तो उतरवण्याचं बंधन साइटवर घातलं होतं, आणि १९३० हा सायबर गुन्ह्यांसाठीचा क्रमांक आहे. हे प्रत्येक मुलीच्या फोनमध्ये असावं. मात्र 'उद्या सोमवार'साठी कुठलाच क्रमांक नाही.

घरापेक्षाही मला जास्त काळजी वाटते ती शाळांची आणि वाटपांची. शाळेत प्रवेश घेताना अर्जाच्या चौथ्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ असते, 'पाल्याचे छायाचित्र शाळेच्या प्रसिद्धीसाठी वापरण्यास हरकत नाही.' नर्सरीच्या प्रवेशाच्या गडबडीत केलेली ती सही दहावीपर्यंत चालते. पुढे स्नेहसंमेलन, बक्षीस समारंभ, आणि 'गृहपाठ न केलेली मुलं' म्हणून फळ्यासमोर उभं करून काढलेला फोटोसुद्धा वर्गाच्या ग्रुपवर. राज्य सरकारनंही २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये शिक्षकांना मुलांच्या दहा-दहाच्या गटांबरोबर सेल्फी काढून विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या 'सरल' या ऑनलाइन प्रणालीवर चढवायला सांगितलं होतं. हेतू गळती रोखण्याचा होता. शिक्षकांनी विरोध केला, त्यात नेटवर्कची अडचण होती, फोनचा खर्च होता, वेळ जात होता, आणि ते बारगळलं. मुलांना विचारलं नाही हा आक्षेप त्या गदारोळात माझ्या तरी कानावर आला नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळांतले कितीतरी शिक्षक आपल्या मुलांचे फोटो आणि व्हिडिओ टाकतात, आणि त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. सरकारी शाळेत काही होत नाही हा समज त्या फोटोंनी पुसला. गावानं वर्गणी काढली, पटसंख्या वाढली. पण एक शिक्षिका माझ्या परिचयाच्या आहेत, त्या गेली तीन वर्षं मुलांचे चेहरे टाकत नाहीत. बियांच्या रांगोळीवर वाकलेली आठ डोकी, मातीनं भरलेले हात, वहीतलं चित्र, भिंतीवरचा नकाशा आणि त्यावर ठेवलेलं एक बोट. शाळेचं काम त्यात पुरेपूर दिसतं. खरं सांगायचं तर कॅमेऱ्याकडे बघून दात दाखवणाऱ्या रांगेपेक्षा जास्त दिसतं.

वाटपाच्या फोटोंबद्दल मात्र मला राग आहे. जून आला की वह्यावाटप सुरू होतं. एक मुलगी, एक वहीचा गठ्ठा, आणि तो गठ्ठा धरलेले सात-आठ मोठ्यांचे हात. सगळे मोठे कॅमेऱ्याकडे बघतात, मुलगी जमिनीकडे. तिला म्हणतात, "वर बघ, हस." फोटो नीट आला नाही तर वह्या परत घेऊन पुन्हा देतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. संध्याकाळी तो फोटो सगळीकडे, खाली 'गरीब व गरजू विद्यार्थिनी'. तिच्या वर्गातली, तिच्या गल्लीतली सगळी ते वाचतात. दोनशे रुपयांच्या वह्यांसाठी तिनं काय दिलं? आणि ती नाही कशी म्हणणार होती? पैसेवाल्यांची मुलं निदान हट्ट करू शकतात, तोंड फिरवू शकतात. वाढदिवस बालगृहात साजरा करायची पद्धत आली आहे, तिथेही हेच. आपलं मूल केक कापतं आणि मागे ओळीनं उभ्या असलेल्या, आई-बाप नसलेल्या मुलांचे चेहरे आपल्या अल्बमात जातात. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख चौकशीच्या किंवा खटल्याच्या बातम्यांत उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं मनाई आहे. ज्या कारणासाठी ती मनाई आहे, ते कारण वाढदिवसाच्या दिवशी रजेवर जात नाही. मदत करणाऱ्यांना हिशेब द्यायचा असतो, देणगीदारांना पुरावा हवा असतो, हे मला कळतं. वह्यांच्या गठ्ठ्यांचा फोटो घ्या, पावत्यांचा घ्या, मुख्याध्यापकांच्या सहीचा घ्या.

"आमचे आई-बाबा साताऱ्यात, आम्ही न्यू जर्सीत. फोटो टाकायचे नाहीत तर नातवंडं दिसणार कशी?" हा प्रश्न माझ्या मामेबहिणीनं मला विचारला आणि तो अगदी रास्त आहे. तिच्या बाबांना रोज सकाळी फोटो आल्याशिवाय चहा जात नाही. तर त्यांना पाठव ना. फक्त त्यांना. आजी-आजोबांचा चार जणांचा ग्रुप हा आजचा कपाटातला अल्बम आहे, आणि बघणारे कोण हे तिथे ठाऊक असतं. तिनं तसा ग्रुप केला. आजोबांना मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा समजावून सांगावी लागली, की हा फोटो सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर पुढे पाठवायचा नाही. त्यांना आधी वाईट वाटलं. नातवाचं कौतुक करायचं नाही म्हणजे काय? आता ते फोन खिशात घालून बागेत नेतात आणि बाकावर बसून हातातल्या हातात दाखवतात.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी मी माझं जुनं फेसबुक उघडून भाचीला शेजारी बसवलं. तिच्या जन्मापासूनचे फोटो होते, शंभरावर. टबातल्या आंघोळीचे, शी-शूच्या भांड्यावरचा एक, तापात कपाळावर पट्टी ठेवलेला एक, पहिलीतल्या निकालपत्रासकट एक. मी काहीच न बोलता फोन तिच्या हातात दिला. ती भरभर काढत गेली. पण सगळे नाही. दात पडलेली, आजोबांच्या खांद्यावर बसून कृष्णेच्या घाटावर काढलेला फोटो तिनं ठेवला. भांड्यावरचा डिलीट करायच्या आधी स्वतःच्या फोनवर घेतला आणि म्हणाली, "हा मला हवाय, पण माझ्याकडेच." निकालपत्राच्या फोटोवर मी म्हणाले, "अगं, यात पहिला नंबर आहे तुझा, राहू दे की." तिनं माझ्याकडे बघितलं आणि तो काढून टाकला.

मग आम्ही घरातल्या सगळ्यांना फोन करून 'उद्या सोमवार' आपापल्या फोनमधून काढायला लावला. ज्या भावानं तो केला होता त्याला खरंच माहीत नव्हतं. त्यानं तिची माफी मागितली, मीही मागितली.

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रविवारी रात्री तो पुन्हा आला. पाठवणारे गृहस्थ नुकतेच राहायला आलेले, माझी त्यांची ओळखही नाही. मी त्यांना वेगळा मेसेज केला की ही माझी भाची आहे, कृपया हे वापरू नका. त्यांनी तत्काळ तो काढला आणि दोनदा सॉरी लिहिलं. तुमच्याकडे कुठून आला म्हणून विचारलं, तर म्हणाले, नाशिकच्या एका ग्रुपवरून, दोनेक वर्षं झाली असतील, त्या ग्रुपवर तर सगळ्यांकडे आहे.